मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर साडेबारा हजार किलोमीटर, मग वेळ नक्की किती?

रेवाकाठ
नमस्कार मंडळी. आई (वय ६८) डिसेंबरात पहिल्यांदाच एकटी न्यूयॉर्कला भावाकडे निघालीय. तिकीट काढायच्या आधी म्हटलं प्रवास नक्की किती तासांचा ते नीट समजून घेऊ, कारण तिच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे आणि फार वेळ बसलं की पाय सुजतात. तर नेटवर अंतर सांगणाऱ्या साइट बघितल्या आणि डोकं गरगरलं. एक म्हणते १२,५४० किमी, दुसरी ७,७९०, तिसरी ६,७७०. विमानाचा वेग ताशी ९०० म्हणतात, म्हणजे भागाकार केला तर चौदा तासांच्या आतच. तिकिटावर मात्र सोळा तास. परतीच्या तिकिटावर साडेचौदा. आकाशात रस्ता तर तोच ना? मग जाताना दीड तास जास्त कुठे जातो?

आणि दुसरा प्रश्न, तो जास्त महत्त्वाचा. नॉनस्टॉप घ्यावं की लंडनला थांबा असलेलं? भाऊ म्हणतो नॉनस्टॉप, मावशी म्हणते मध्ये उतरून पाय मोकळे होतील. ज्यांनी आईवडिलांना असं पाठवलंय त्यांनी प्लीज सांगा.

धुकं
पहिल्या कोड्याचं उत्तर सोपं आहे, तिन्ही आकडे एकच आहेत :) किलोमीटर, मैल आणि नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. विमानवाले आणि जहाजवाले तोच वापरतात.

मुसाफिर_५२
नॉनस्टॉपच घ्या. डोळे झाकून. बाकीची चर्चा नंतर करू.

शेवंता
@मुसाफिर, डोळे झाकून कशाला, इथे प्रत्येकाच्या आईची तब्येत वेगळी असते. माझ्या सासूबाईंना सलग सोळा तास अजिबात झेपले नव्हते. सविस्तर लिहिते रात्री.

कातळशिल्प
येताना कमी वेळ लागतो कारण पृथ्वी फिरते ना. पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे... थांबा, मग खरं तर जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे येतंय, म्हणजे जातानाच कमी वेळ लागायला हवा. उलटंच झालं की!

गणोबा_मास्तर
@कातळशिल्प, तुम्ही स्वतःच शंका काढलीत हे फार छान झालं, कारण शाळेत दरवर्षी हा प्रश्न येतो आणि मुलं अर्ध्यावरच थांबतात. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही दाराकडे चालत गेलात तर दार तुमच्याकडे धावत येत नाही, तसंच. मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध अजिबात नाही असंही नाही. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते. त्यातून नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे तयार होतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी २०० किमी तर नेहमीचे, हिवाळ्यात कधीकधी त्याच्या दुप्पट. तुमच्या आई डिसेंबरात जातायत म्हणजे नेमक्या जोराच्या वाऱ्यात, तोही समोरून.

हे वारे पद्धतशीर मोजणारे पहिले जपानचे वासाबुरो ओइशी. १९२० च्या दशकात फुगे सोडून त्यांनी मोजणी केली आणि जगभर वाचलं जावं म्हणून अहवाल एस्परांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला. ती भाषा वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे बाकीच्या जगाला फार उशिरा कळलं. मला या माणसाबद्दल नेहमी हळहळ वाटते.

रेवाकाठ
मास्तर, खूप आभार. म्हणजे वारा जाताना जेवढा अडवतो तेवढाच येताना ढकलतो, फिट्टंफाट, बरोबर?

गणोबा_मास्तर
फिट्टंफाट होत नाही, आणि हेच गणित मला सगळ्यात आवडतं. सोप्या आकड्यांत बघा. अंतर १२,६०० किमी, वेग ९००. वारा नसेल तर जायला १४ तास, यायला १४, एकूण २८. आता वारा ताशी १०० किमी धरा. जाताना वेग ८००, लागले १५ तास ४५ मिनिटं. येताना १०००, लागले १२ तास ३६ मिनिटं. बेरीज २८ तास २१ मिनिटं. एकवीस मिनिटं जास्तच! कारण अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त तास असतं आणि ढकलणाऱ्यात कमी. वारा कुठूनही येऊ दे, जाऊन-येऊन प्रवासात तो एकूण वेळ वाढवणारच.

कातळशिल्प
हे मला आज पहिल्यांदा कळलं. वहीत उतरवून घेतलं.

पारवा
वाऱ्याची कमाल बघायची असेल तर ९ फेब्रुवारी २०२०. किआरा वादळ चालू होतं, न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. नेहमी साडेसहा-सात तास लागतात.

शाळू
ताशी १३०० म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेग झाला ना? मग सुपरसॉनिक झालं का ते?

पारवा
नाही, कारण हवाच त्या दिशेने पळत होती. भोवतालच्या हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच वेगात होतं. खरं सुपरसॉनिक म्हणजे काँकॉर्ड. ७ फेब्रुवारी १९९६ ला न्यूयॉर्क-लंडन अवघ्या २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत. २००३ मध्ये बंद झालं. एकदा तरी बसायचं होतं त्यात, राहूनच गेलं.

वाऱ्याची_दिशा
धागा बघून राहवलं नाही. मी गेली अकरा वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम करते, म्हणजे विमान निघायच्या आधी त्याचा मार्ग आणि इंधन ठरवायचं काम. रेवाकाठ, तुमचा मूळ प्रश्नच आमचं रोजचं काम आहे म्हणून सविस्तर लिहिते.

साइटवरचं १२,५४० हे दोन विमानतळांमधलं पृथ्वीच्या पाठीवरून सर्वात कमी अंतर, ज्याला ग्रेट सर्कल म्हणतात. त्या रेषेवरून विमान तंतोतंत कधीच जात नाही. कुठे हवाई हद्द बंद, कुठे लष्करी सराव, कुठे वादळ, त्यामुळे प्रत्यक्ष मार्ग सहसा दोन-चार टक्के लांब पडतो. म्हणजे धरा १३,००० किमी.

आता आमच्या कामातली खास गोष्ट. आम्ही दोन अंतरं मोजतो, एक जमिनीवरचं आणि एक हवेतलं. विमान हवेतून ताशी ९०० ने जातंय, समोरून सरासरी ७० चा वारा, म्हणजे जमिनीवर पडतात ८३०. तेरा हजार भागिले ८३०, साधारण १५ तास ४० मिनिटं. पण तेवढ्या वेळात विमानाने हवा कापली १४,१०० किमी! इंधन जळतं ते या चौदा हजारांचं, तेरा हजारांचं नाही. म्हणून किलोमीटरने लांब पण वारा कमी असलेला मार्ग दिसला की आम्ही खुशाल तो घेतो.

वर गेटवरून मागे सरकल्यापासून टेकऑफपर्यंत आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्त, धरायची. तिकिटावरची वेळ ही गेट ते गेट असते, आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. झाले तुमचे सोळा तास. येताना तेच विमान ९४० ने आलं की पावणेचौदा-चौदा, अधिक गेटचा वेळ.

रेवाकाठ
अरे वा, सोळाचा आकडा डोळ्यासमोर उभा राहिला! एवढं कष्टाने लिहिलंत, मनापासून आभार ताई.

धुकं
@वाऱ्याची_दिशा, जास्त लांब मार्ग कमी वेळात, याचं खरं उदाहरण आहे का एखादं? ऐकायला पटतं पण बघायला आवडेल.

वाऱ्याची_दिशा
आपल्याकडचंच आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं तेव्हा जाताना युरोप, अटलांटिक असं पश्चिमेकडून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मार्ग उलटा केला, पूर्वेकडून पॅसिफिकवरून. अंतर हजाराहून जास्त किमीने वाढून १५,००० च्या वर गेलं, आणि वेळ मात्र वाचला, साधारण साडेचौदा तासांत पोचलं, कारण वारा पाठीवर. म्हणजे ते विमान जाताना पूर्वेला जाणार आणि येतानाही पूर्वेलाच येणार, दर फेरीला पृथ्वीप्रदक्षिणा.

मुसाफिर_५२
प्रदक्षिणा घालून घरी, हे भारी आहे. पुण्य किती मिळत असेल क्रूला 😄

चिमणचारा
मी नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, अल्जेरिया, मोरोक्को करत अटलांटिकवरून जाते. आणि विमानातल्या पडद्यावर विमान रशियाच्या नाहीतर युरोपच्या डोक्यावरून वर जाताना दिसतं. एवढा वळसा का मारतात हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. वर ताई म्हणतायत हेच सर्वात जवळचं. कसं काय?

गणोबा_मास्तर
घरात पृथ्वीगोल आहे का? असेल तर पट्टी ठेवून द्या आणि दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, एक न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपोआप जिथे जाईल तो जवळचा रस्ता. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटरच्या पद्धतीचा, १५६९ सालची. जहाजांना दिशा धरायला उत्तम, पण ध्रुवांकडचा भाग भलताच ताणला जातो. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

तुमची पट्टीची रेघ मी गणिताने मोजली, ती १४,२०० किमी भरते. म्हणजे तुम्हाला सरळ वाटणारा रस्ताच सोळाशे-सतराशे किलोमीटरचा वळसा आहे.

रेवाकाठ
आत्ताच लेकीला घेऊन केलं हे! तिचा पृथ्वीगोल तीस सेंटिमीटर व्यासाचा. शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला. पहिल्यांदा तो घसरत होता म्हणून न्यूयॉर्कला तिने चिकटपट्टी लावली. ताणला तर दोरा सिंधमधून अफगाणिस्तान, मग कॅस्पियनच्या वरच्या अंगाने जवळजवळ मॉस्को, नॉर्वे, आइसलंड, आणि ग्रीनलँडच्या अगदी खालच्या टोकाला चाटून कॅनडात! लेक म्हणाली आजी बर्फावरून जाणार. दोरा पट्टीवर मोजला, साडेएकोणतीस सेंमी. परीघ चौऱ्याण्णव सेंमी आणि पृथ्वीचा ४०,००० किमी, त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं १२,५०० च्या आसपास. दोन मिनिटं आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

कातळशिल्प
धागा काढला आणि दोऱ्यानेच सुटला!!

चिमणचारा
मी फुगा घेऊन केलं, गोल नव्हता. पटलं. मास्तर, शरण आलो.

पारवा
पण @रेवाकाठ, त्या दोऱ्यावरून आई जाणार नाहीत बरं का. दोरा पाकिस्तानवरून जातो. २७ फेब्रुवारी २०१९ पासून साडेचार महिने ती हद्द बंद होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद झाली. दिल्लीहून निघणाऱ्यांना जास्त फटका बसतो, आधी खाली दक्षिणेकडे येऊन मग वळावं लागतं. मुंबईला समोर समुद्रच आहे, त्यामुळे तुलनेत कमी.

याहून मोठा फटका फिनलंडला बसला. हेलसिंकी-टोकियो नऊ-साडेनऊ तासांचं होतं, २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाली आणि तेच तेरा तासांवर गेलं. शहरं तिथेच, अंतर तेच, पण वेळ साडेतीन-चार तासांनी वाढला.

शाळू
हिमालयावरून सरळ का जात नाहीत? उंचीची भीती?

वाऱ्याची_दिशा
उंची पुरते, विमान एव्हरेस्टच्या बरंच वर असतं. अडचण वेगळी. केबिनमधला दाब गेला तर विमानाला पटकन दहा हजार फुटांवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण बारा ते पंधरा मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठारावर जमीनच पंधरा हजार फुटांवर, उतरणार कुठे? म्हणून तिथून जायचं तर सुटकेचे रस्ते आधीच ठरवलेले असावे लागतात, आणि त्यापेक्षा बाजूने गेलेलं बरं.

ध्रुवाजवळून जातानाही अशीच एक गोष्ट सांभाळावी लागते, इंधन गोठण्याची. आपलं जेट इंधन उणे ४७ ला गोठायला लागतं आणि बाहेर उणे ६०-६५ असू शकतं. इंधनाचं तापमान खाली जायला लागलं की पायलट थोडा वेग वाढवतात किंवा खालच्या, कमी थंड हवेत येतात. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू पहिल्यांदा आलं ते उत्तर ध्रुवावरून, कॅप्टन झोया अग्रवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या स्त्रिया. १४,००० किमी, साधारण सतरा तास. त्या रात्री आमच्या ऑफिसात कोणीही घरी गेलं नव्हतं, सगळे स्क्रीनवरचा तो ठिपका बघत बसलो होतो. आमची कंपनी वेगळी, पण ठिपका आपलाच वाटत होता.

तळ्यात_मळ्यात
जगातलं सगळ्यात लांबचं कुठलं मग?

पारवा
सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३४९ किमी, साडेअठरा तासांच्या पुढे. क्वांटास कंपनी सिडनी-लंडन थेट करायच्या तयारीत आहे, १७,००० किमी, वीस तास. पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं २०,००० किमीपेक्षा लांब असूच शकत नाहीत, म्हणजे त्यानंतर फारसं काही उरत नाही.

आबा_पेडणेकर
मुलांनो, तुम्ही सोळा तासांवरून काळजी करताय. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं मुंबईहून लंडनला पहिलं विमान गेलं, मलबार प्रिन्सेस, तेव्हा कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. न्यूयॉर्कला १९६० पासून बोइंग ७०७ जाऊ लागलं, तेही लंडनवरून. मी १९८३ साली गेलो तेव्हा लंडनला उतरवलं, दोन तासांनी पुन्हा चढवलं, घरातून निघून मुलाकडे पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडल्यासारखं वाटलं. एअर इंडियाचं न थांबता मुंबई-न्यूयॉर्क व्हायला २००७ साल उजाडलं. माझ्या वेळची विमानं एवढं इंधन घेऊन एवढं लांब जाऊ शकत नव्हती. रेवाकाठ, आईला नॉनस्टॉपने पाठव. मध्ये उतरल्यावर पाट्या वाचत फिरणं फार थकवतं, बसण्यापेक्षा जास्त.

शेवंता
काल लिहिते म्हटलं होतं. आबा, तुमच्याबद्दल आदर आहे पण माझा अनुभव वेगळा. सासूबाई (७१) जाताना नॉनस्टॉप गेल्या. खिडकीची सीट मिळाली, शेजारी दोघं झोपलेले, त्यांना उठवायचा संकोच, म्हणून त्या पाणीच प्यायल्या नाहीत आणि नऊ तास जागच्या हलल्या नाहीत. पोचल्या तेव्हा पावलं बुटात मावत नव्हती, भावजयीने चपला काढूनच गाडीत बसवलं. येताना लंडनला चार तासांचा थांबा घेतला, व्हीलचेअर सांगितली होती, तिथे आडवं होता आलं, चालणं झालं, ताज्यातवान्या आल्या. आणि अंतराचं म्हणाल तर मी आत्ता या धाग्यामुळे मोजलं, मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७४०. थेटपेक्षा फक्त दोनशे किमी जास्त!

गणोबा_मास्तर
@शेवंता, सुंदर निरीक्षण. लंडन त्या दोऱ्यापासून फार लांब नाही म्हणून असं होतं. दुबईवरून केलं तरी १,९३० आणि ११,०२०, म्हणजे चारशेच जास्त.

मुसाफिर_५२
किलोमीटर दोनशे जास्त, पण तास पाच-सहा जास्त, ते बघा ना. उतरणं, सिक्युरिटी, वाट बघणं, पुन्हा चढणं. आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढचं चुकतं. माझ्या वडिलांचं दोन वर्षांपूर्वी असंच झालं. पहिलं विमान दीड तास उशिरा, हातात पन्नास मिनिटं, पुढचं डोळ्यांसमोर गेलं, आणि काउंटरवरच्या माणसाने सांगितलेलं इंग्रजी त्यांना कळेना. रात्रभर खुर्चीत बसून होते. फोनची बॅटरी संपलेली. सकाळपर्यंत आम्हाला माहीतच नव्हतं ते कुठे आहेत. ती रात्र मी विसरणार नाही, म्हणून पहिल्या दिवशी डोळे झाकून म्हटलं. शेवंताताई, तुमच्यावर रोख नव्हता.

शेवंता
अरेरे. हे आधी सांगितलं असतं तर मी तसं बोललेच नसते. पटलं मला. एकट्या माणसासाठी थांब्याची जोखीम आहे खरी. मग असं म्हणते, नॉनस्टॉप घ्या पण आइलची सीट आधीच पैसे भरून घ्या, आणि दर दीड-दोन तासांनी उठायचं हे आईंना बजावून सांगा.

धन्वंतरी_नाही_पण
मी फिजिओथेरपिस्ट आहे. बसल्या जागी घोटे वर-खाली करायचे, दर तासाला वीस-पंचवीस वेळा, पोटरी हलली की रक्त वर चढतं. केबिनची हवा फार कोरडी असते, पाणी थोडं थोडं पण सतत. पोटरीचे घट्ट मोजे चांगले, पण मधुमेह किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि संकोच करून पाणी टाळणं हे शेवंताताईंनी लिहिलंय ते अगदी घरोघरी घडतं, त्यावर आईंशी मोकळं बोला.

धुकं
तिकीट काढताना एक लक्षात ठेवा, 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' वेगळं. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मध्ये कुठे तरी उतरू शकतं. नॉनस्टॉप हाच शब्द बघा.

तळ्यात_मळ्यात
रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी सातला पोचतं असं कसं पण? साडेपाच तासच झाले की.

धुकं
हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. साडेपाच अधिक साडेदहा, सोळा. येताना सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला, घड्याळाचे पंचवीस तास, त्यातून साडेदहा वजा, साडेचौदा.

रेवाकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार. नॉनस्टॉप, आइल सीट, व्हीलचेअर, असं ठरलं. तिकीट काढलं. आईला हा धागा मोठ्या अक्षरांत करून वाचायला दिला. तिने काँकॉर्ड आणि मलबार प्रिन्सेसवर खुणा केल्यात :)

रेवाकाठ (सात आठवड्यांनी)
आई पोचली! आणि तुमच्यासाठी काहीतरी पाठवलंय. तिने मनगटी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं आणि छोट्या डायरीत दर तासाला पडद्यावरचे आकडे लिहीत गेली, कारण दर तासाला लिहायचं म्हणजे दर तासाला उठायची आठवण. भावाने फोटो पाठवला, जसंच्या तसं टाइप करतेय:

"१:३० मागे सरकलं. १:५८ उडालं. ४ वा. वेग ८४२. ८ वा. बुखारेस्ट, वेग ८६८. ९ वा. चाललें, दोन फेऱ्या. ११ वा. डब्लिन, मग खाली सगळा समुद्र. १२ वा. वेग ७९०, समोरून वारा ११२, बाहेर उणे ६१. मास्तरांचा वारा हाच. १ वा. घोटे पंचवीस. ३ वा. पांढरं सगळं खाली, बर्फ की ढग कळेना. ५:०९ टेकलं. ५:२४ दार."

गेट ते गेट १५ तास ५४ मिनिटं. पाय थोडे सुजले होते, पण बूट काढावे लागले नाहीत.

वाऱ्याची_दिशा
मी हे ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. ७९० अधिक ११२, ९०२, म्हणजे हवेतला वेग बरोबर ९०० च्या आसपास. आईंची नोंद एकदम अचूक आहे. हवेत १५ तास ११ मिनिटं, डिसेंबरच्या मानाने वारा जरा दयाळू होता.

गणोबा_मास्तर
"मास्तरांचा वारा हाच." एवढ्या वर्षांच्या नोकरीत अशी पावती मिळाली नव्हती. आईंना नमस्कार सांगा. परवानगी दिलीत तर डायरीचं हे पान नववीच्या वर्गात गणिताला लावतो.

रेवाकाठ
आई म्हणते जरूर लावा, पण शुद्धलेखन तपासू नका :)

धुकं
परत कधी येतायत? अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, मग फरक साडेनऊचा होतो. त्या आठवड्यात फोनच्या वेळा हमखास चुकतात लोकांच्या.

रेवाकाठ
१८ मार्चला निघतेय, म्हणजे घड्याळ बदलून झालेलं असेल. आणि तिकिटावर पोचायची वेळ सकाळी साडेअकराची झालीय, मी आत्तापर्यंत साडेबाराच धरून बसले होते! गाडीवाल्याला आजच सांगते.